आगीची हद्द मोजली, आमच्या श्वासाची हद्द कोण मोजणार?

"अपघात काय सांगून येतो का?"

बोईसरच्या नाक्यावर, एमआयडीसीच्या गेटवर, सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. मालक म्हणतो. ठेकेदार म्हणतो. पंचनामा करायला आलेला साहेब म्हणतो. आणि दोस्तांनो, लाज वाटते सांगायला, आपली माणसंही म्हणतात. आई छाती बडवून घेते आणि शेजारचा म्हातारा तिला समजावतो, नशिबात होतं बाई. नशीब! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण नशीब, प्राक्तन, गेल्या जन्मीचं पाप हे सगळं गाठोडं खाली ठेवून आलो. ते परत डोक्यावर कुणी दिलं? आपल्याच पोराच्या तिरडीवर ठेवायला आपणच ते उकरून काढतो.

हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

अपघात सांगून येतो. आकड्यात सांगून येतो. दशांश चिन्हापर्यंत सांगून येतो. फक्त तो आकडा कागदावर असतो, कागद इंग्रजीत असतो, इंग्रजी ऑफिसात असते, ऑफिसला कुलूप असतं. आणि टाकीच्या तोंडाशी आपण असतो.

०००

२१ ऑगस्ट २०२५. दुपारी अडीच-तीनचा सुमार. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या मेडली फार्मास्युटिकल्स या औषधाच्या कारखान्यात वायूगळती झाली. चार कामगार मेले. आणखी दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं. बातम्यांत वायूचं नाव आलं: नायट्रोजन.

त्या संध्याकाळी नाक्यावर चहाच्या टपरीवर एकच चर्चा. एक जण म्हणाला, नायट्रोजननं माणूस कसा मरेल? तो तर हवेतच आहे. बरोबर बोलला गडी. हवेच्या शंभर भागांत अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन, एकवीस भाग ऑक्सिजन. आपण सगळे जन्मभर नायट्रोजनच ओढतो. मी बोईसरला कंत्राटावर हेल्पर होतो तेव्हा आमचा सुपरवायझरही हेच सांगायचा: "नायट्रोजन है, कुछ नहीं करता. निष्क्रिय वायू है."

निष्क्रिय! शब्द बघा. काही न करणारा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मग हा काही न करणारा वायू कारखान्यात पाइपानं, टँकरनं, सिलिंडरनं आणतात कशाला? फुकट तर येत नाही.

आणतात आगीसाठी. आग लागू नये म्हणून. ज्या भांड्यात टोल्युइन, मिथेनॉल, अ‍ॅसिटोन असलं सॉल्व्हंट उकळतं, त्यात हवा राहिली आणि एक ठिणगी पडली की भांडं, शेड आणि माणसं एकदम वर. म्हणून हवेला हाकलायचं आणि तिच्या जागी नायट्रोजन बसवायचा. इथवर सगळं ठीक. शास्त्र बरोबर, हेतू बरोबर. पण हवा हाकलली म्हणजे ऑक्सिजन हाकलला. आगीचा श्वास तोडला. आता विचार करा, आगीचा आणि माणसाचा श्वास वेगळा आहे का?

०००

आता गणित करू. घाबरू नका, आठवीचं आहे. ज्यांना शाळेत मागच्या बाकावर बसवलं त्यांनी तर जरूर करावं.

पेटणारा वायू हवेत मिसळला की लगेच पेटतो असं नाही. फार कमी असला तर पेटत नाही. फार जास्त असला तरी पेटत नाही, कारण ऑक्सिजन पुरत नाही. मधल्या पट्ट्यातच पेटतो. या पट्ट्याला दोन हद्दी. खालची आणि वरची. खालच्या हद्दीला कारखान्यात एलईएल म्हणतात.

मिथेन: हवेत ५ टक्के ते १५ टक्के. प्रोपेन: २.१ ते ९.५. टोल्युइनची वाफ: १.२ ते ७.१. कार्बन मोनॉक्साइड: १२.५ ते ७४. हायड्रोजन: ४ ते ७५. हायड्रोजनचा पट्टा बघा केवढा रुंद. जवळजवळ कुठेही हात घाला, पेटतो.

दोन-तीन पेटणारे वायू एकत्र असले तर? त्याचंही उत्तर आहे. ल शातलिए नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. खाणीतल्या स्फोटक वायूवर काम करता करता त्यानं १८९१ साली नियम मांडला. प्रत्येक वायूचा मिश्रणातला टक्का घ्या, त्याला त्याच्या हद्दीनं भागा, बेरीज करा, त्या बेरजेनं शंभराला भागा. समजा ८० भाग मिथेन, २० भाग हायड्रोजन. ८० भागिले ५ म्हणजे १६. २० भागिले ४ म्हणजे ५. बेरीज २१. शंभर भागिले २१ म्हणजे ४.७६. झालं. हे मिश्रण हवेत पावणेपाच टक्क्यांच्या आसपास गेलं की पेटायला तयार. खालच्या हद्दीसाठी हा नियम बऱ्यापैकी चालतो, वरच्या हद्दीला कधी कधी दगा देतो. पण १८९१! तुमच्या-माझ्या पणजोबाला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते तेव्हा हा हिशोब छापून झाला होता. आणि आज एमआयडीसीत म्हणतात, सांगून येत नाही.

आता त्यात निष्क्रिय वायू घाला. मिथेन आणि हवेच्या मिश्रणात नायट्रोजन वाढवत न्या. काय होतं? खालची हद्द फारशी हलत नाही, पाचाच्या आसपासच राहते. वरची हद्द मात्र कोसळते. पंधरावरून चौदा, बारा, दहा, आठ. शेवटी वरची हद्द खालीला येऊन चिकटते आणि पट्टाच मिटतो. कागदावर काढलं तर नाकासारखा आकार होतो. नाकाच्या शेंड्याला शंभर भागांत अंदाजे ६ भाग मिथेन, ५७ भाग हवा आणि ३७ भाग वरून घातलेला नायट्रोजन. तिथे ऑक्सिजन उरतो १२ टक्के. त्याच्या खाली मिथेन पेटत नाही. मग किती का असेना.

नायट्रोजनऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर ऑक्सिजन १४.५ टक्क्यांवर आणला तरी काम होतं, कारण तो वायू उष्णता जास्त गिळतो. हायड्रोजनला मात्र ५ टक्क्यांपर्यंत खाली आणावं लागतं.

हा आकडा मोजलेला नसेल तर अंदाजही करता येतो. खालची हद्द घ्या आणि एक भाग वायू पूर्ण जळायला किती भाग ऑक्सिजन लागतो त्यानं गुणा. मिथेनला दोन लागतात. पाच गुणिले दोन म्हणजे दहा. प्रत्यक्षात मोजलेला आकडा बारा. म्हणजे अंदाज चुकला, पण आपल्या बाजूनं चुकला, जादा काळजी घेतली गेली. हायड्रोजनला अर्धा भाग लागतो. चार गुणिले अर्धा म्हणजे दोन. मोजलेला पाच. पुन्हा आपल्या बाजूनं. आता टोल्युइन. नऊ भाग ऑक्सिजन. १.२ गुणिले नऊ म्हणजे १०.८. आणि मोजलेला आकडा? ९.५! इथे अंदाज उलट्या बाजूला चुकला. जो साहेब १०.८ वर विसंबून "सेफ आहे" म्हणेल तो तुम्हाला पेटत्या पट्ट्यात उभं करील. म्हणून शहाणे लोक अंदाजावर थांबत नाहीत. मोजलेला आकडा घेतात आणि त्याच्याही खाली दोन-चार टक्के ठेवतात. शिवाय भांडं तापलं की पट्टा आणखी रुंदावतो. पंचवीस अंशाचा आकडा उकळत्या रिअ‍ॅक्टरला लावणारा माणूस गाढव तरी असतो नाहीतर मालकाचा.

०००

आता त्याच कागदावर दुसरी रेघ मारू. ही रेघ पुस्तकातल्या त्रिकोणावर छापलेली नसते. ती आपण मारायची.

माणसाला हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन लागतो. १९.५ च्या खाली गेला की सुरक्षिततेचे नियम त्या जागेला धोक्याची जागा म्हणतात. १२ ते १४ ला दम लागतो, डोकं चालेनासं होतं. १० च्या खाली माणूस कोसळतो. ६ ते ८ टक्क्यांत आठ मिनिटं राहिला तर मेला. ४ ते ६ टक्क्यांत चाळीस सेकंदांत बेशुद्ध.

आता दोन्ही रेघा शेजारी ठेवा. टोल्युइनच्या टाकीत आग लागू नये म्हणून ऑक्सिजन साडेनऊच्याही खाली, सात-आठवर ठेवतात. म्हणजे टाकी जिथे सुरक्षित तिथे माणूस आठ मिनिटांत खलास. हायड्रोजनची लाइन जिथे सुरक्षित तिथे माणूस चाळीस सेकंदांत आडवा. आग विझते तिथे माणूसही विझतो. कारखान्याच्या भाषेत जी जागा "सेफ", आपल्या भाषेत ती मसणवटा.

आणि कळतही नाही. हे सगळ्यात भयंकर. श्वास कोंडला की छाती फुटेल असं वाटतं ना? ते ऑक्सिजन कमी झाल्यामुळे फारसं वाटत नाही. अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून वाटतं. नायट्रोजनमध्ये श्वास चालूच असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतच असतो. त्यामुळे घुसमट नाही, वास नाही, रंग नाही, खोकला नाही. दोन-चार श्वास आणि पाय गेले. वरून बघणाऱ्याला वाटतं चक्कर आली. तो उतरतो वाचवायला. मग तिसरा उतरतो. आपल्यात हा मोठा गुण, भाऊ पडला तर बघत राहायचं नाही. याच गुणानं आपण दोन-दोन, तीन-तीन मरतो.

मीटर होता, असं साहेब सांगतो. कोणता मीटर? जळाऊ वायू मोजणारा साधा मीटर आतल्या तापलेल्या मण्यावर वायू जाळून मोजतो. जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजननं भरलेल्या टाकीत सोडला तर तो काही जाळूच शकत नाही, आणि काटा शून्याकडे. साहेब म्हणतो, रीडिंग शून्य, उतर खाली. मीटर खरं बोलतो: पेटणार नाही. माणूस जगेल असं मीटर म्हणालाच नव्हता. म्हणून क्रम पाठ करा, आपल्या बावीस प्रतिज्ञांसारखा पाठ करा: आधी ऑक्सिजन मोजायचा, मग जळाऊ वायू, मग विषारी. आणि त्या मीटरवरचे शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के वायू नव्हे. ते खालच्या हद्दीचे शंभर टक्के. मिथेनला शंभर म्हणजे हवेत पाच टक्के. "फक्त चाळीसच दाखवतंय" म्हणणारा तुम्हाला दोन टक्के मिथेनमध्ये पाठवतोय.

०००

टाकी उघडायची असेल तर शास्त्र दोन पायऱ्या सांगतं. पहिली, आत नायट्रोजन मारून जळाऊ वाफ बाहेर काढायची. थेट हवा सोडली तर ती वाफ पातळ होता होता वरच्या हद्दीतून खाली येते, पेटत्या पट्ट्यातून जाते, आणि तेवढ्यात ठिणगी पडली की संपलं. दुसरी पायरी, नायट्रोजन काढून स्वच्छ हवा मारायची, ऑक्सिजन एकवीसवर आणायचा, मोजायचा, बाहेर एक माणूस उभा करायचा, दोर बांधायचा, आणि मगच कुणी उतरायचं.

पहिली पायरी कारखाना वाचवते. दुसरी पायरी माणूस वाचवते.

पहिली पायरी मालक कधी चुकवत नाही. विमा कंपनी विचारते, मशीन करोडोचं असतं. दुसऱ्या पायरीला ब्लोअर लागतो, मीटर लागतो, दोन तास लागतात, शिफ्टचा माल अडतो. ती गाळली जाते. मी स्वतः बघितलंय एका कारखान्यात. परमिटचा कागद सकाळीच सह्या करून ठेवलेला, ऑक्सिजनच्या रकान्यात २०.९ आधीच लिहिलेलं. टाकी अजून उघडायची होती! पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मध्ये जी फट आहे ना, दोस्त, त्या फटीत जात राहते.

पटत नाही? टाकीत कोण उतरतं ते बघा. केमिस्ट उतरतो का? इंजिनियर उतरतो का? ठेकेदाराचा माणूस उतरतो. डहाणू-तलासरीचा वारली पोरगा, मराठवाड्यातून पोट घेऊन आलेला आपला, युपी-बिहारचा बिनकागदाचा गडी. एकाच्या हातात पेन, दुसऱ्याच्या हातात खराटा. पेनवाल्याला आकडा माहीत, खराटेवाल्याला नाही. हीच ती जुनी वाटणी. पोथी त्याच्याकडे, मैला आपल्याकडे. पोथीची आता डेटा शीट झाली, एवढाच फरक.

आणि मैला म्हणालो ते उगाच नाही. ९ एप्रिल २०२४, याच पालघर जिल्ह्यात विरार पश्चिमेला ग्लोबल सिटीत सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीत चार कामगार मेले. तिथे कुणी नायट्रोजन मारला नव्हता. मैलाच तो. कुजताना स्वतःच ऑक्सिजन खातो आणि मिथेन, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड सोडतो. गणित तेच. साठ भाग मिथेन आणि चाळीस भाग कार्बन डायऑक्साइड असलेला वायू असेल तर पाच भागिले शून्य दशांश सहा, म्हणजे हवेत सव्वाआठ टक्क्यांवर तो पेटायला लागतो. त्यात हायड्रोजन सल्फाइड मिसळला की आणखी कावेबाज. आधी सडक्या अंड्याचा वास देतो, आणि हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाकच मारून टाकतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं. आणि माणूस आणखी खाली उतरतो.

औषधाच्या कारखान्याची स्टीलची टाकी आणि सोसायटीच्या गटाराची टाकी. एक चकचकीत, एक घाण. शास्त्राला दोन्ही सारख्या. ठेकेदारालाही सारख्याच. उतरणारा तोच.

०००

आता थोडं मागे जाऊ. कारण आपल्याला कायम सांगितलं जातं, शास्त्र वरच्या लोकांचं, तुम्ही आपले मोर्चे काढा.

२५ मे १८१२. इंग्लंडमधली फेलिंगची कोळसा खाण. स्फोटात ९२ मेले, त्यात पोरंही. मग हम्फ्री डेव्ही नावाच्या लंडनच्या मोठ्या शास्त्रज्ञाला बोलावलं. त्यानं १८१५ मध्ये खाणीतला वायू तपासला. स्फोटक मिश्रणाच्या सहा भागांत एक भाग नायट्रोजन किंवा सात भागांत एक भाग कार्बन डायऑक्साइड घातला तर स्फोट होत नाही, हे त्यानं दाखवलं. आपल्या या सगळ्या गणिताचं मूळ तिथे, खाणकामगारांच्या मढ्यांवर. डेव्हीनं जाळीचा दिवा केला.

पण त्याच वर्षी किलिंगवर्थच्या खाणीत जॉर्ज स्टीफन्सन नावाच्या एका मेकॅनिकनंही दिवा केला. हा गडी अठरा वर्षांचा होईपर्यंत निरक्षर. खाणीतच वाढलेला. त्यानं तो दिवा स्वतः वायूच्या तोंडाशी नेऊन तपासला. लंडनची सभ्य मंडळी काय म्हणाली असतील? तेच, जे आपल्या पोरांना म्हणतात. हा अडाणी, याला काय कळतंय, यानं चोरलं असणार. डेव्हीला दोन हजार पौंडांचं बक्षीस, स्टीफन्सनला शंभर गिनी. पुढे १८३३ साली पार्लमेंटच्या समितीनं दोघांचा हक्क सारखा ठरवला. अठरा वर्षं लागली.

आणि आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सुरक्षित दिवा आला म्हणून खाणी सुरक्षित झाल्या नाहीत. मालकांनी वायूमुळे सोडून दिलेले धोक्याचे भाग परत उघडले. दिवा आहे ना आता, उतरा! सुरक्षेचं साधन मालकाच्या हातात गेलं की ते माणसाला आणखी खोल उतरवण्याचं साधन होतं. नायट्रोजनचं तेच झालं.

आपल्या बाबासाहेबांना हे माहीत होतं. १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणी बघायला गेले, आणि नुसते ऑफिसात बसून आले नाहीत. जमिनीखाली उतरले. बॅरिस्टर, डॉक्टरेट, मंत्री, आणि खाणीत उतरले. कारण वरून खालचं कळत नाही. तीन वर्षांनी त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. नाव वाचा नीट: कला आणि विज्ञान महाविद्यालय. त्यातलं विज्ञान आपण कुठे ठेवलं?

०००

म्हणून आता शिव्या आपल्याच लोकांना.

आपण कविता लिहिल्या. चांगल्या लिहिल्या. मीही लिहिल्या. सूर्य, अंधार, मशाल, ठिणगी, वणवा. अरे, आपल्या कवितेत जेवढी आग आहे तेवढी सगळ्या एमआयडीसीत नसेल. पण आग कधी लागते आणि कधी लागत नाही हे कुणाला विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. ठिणगीवर दहा कविता, ठिणगीला लागणाऱ्या टक्केवारीवर एक ओळ नाही.

जयंतीला डीजेला लाख रुपये जमतात. चार वायू मोजणारा मीटर त्याहून स्वस्त येतो. एका वर्षी एक ट्रॉली कमी करा आणि प्रत्येक वस्तीच्या बुद्धविहारात एक मीटर ठेवा. पंचशीलाच्या शेजारी ठेवा. प्राणिमात्राची हिंसा करणार नाही म्हणतो ना आपण? मग ती होऊ देणार नाही असंही म्हणा.

काही मित्र म्हणतात, हे कामगार चळवळीचं काम, आपलं जातीअंताचं. ज्यांना टाकीत कोण उतरतं ते दिसत नाही त्यांनी असं म्हणावं. आणि काही लाल मित्र उलट म्हणतात, टाकीत वर्ग उतरतो, जात कशाला काढता? त्यांनी गटारात कोण उतरतं ते आधी सांगावं, मग बोलू.

काही म्हणतील, भरपाई तर वाढली. वाढली. गटारातल्या मरणाला सुप्रीम कोर्टानं मार्च २०१४ मध्ये दहा लाख ठरवले, ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केले. कोर्टाचे आभार. पण तीस लाख हा मेलेल्याचा आकडा आहे. मला जिवंत माणसाचा आकडा पाहिजे. १९.५.

आणि इथून सहा-सात मैलांवर अणुकेंद्र आहे म्हणून हेही सांगतो. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या. त्याच कंपनीच्या धर्तीच्या भट्ट्या जपानात फुकुशिमाला होत्या. मार्च २०११ मध्ये तिथे हायड्रोजन सुटला. भट्टीभोवतीच्या पोलादी कवचात नायट्रोजन भरलेला होता, तिथे तो पेटला नाही. गळून बाहेरच्या इमारतीत गेला. तिथे साधी हवा होती. छपरं उडाली. नायट्रोजन कुठे आहे आणि हवा कुठे आहे, या एका प्रश्नावर जग हादरलं, देशोदेशीच्या अणुभट्ट्यांची फेरतपासणी झाली. करायलाच हवी होती. मग बोईसरच्या प्लॉटमधल्या टाकीसाठी तोच प्रश्न विचारायला काय होतं? तिथे छप्पर उडत नाही म्हणून? फक्त माणूस गप्प पडतो म्हणून?

०००

तर करायचं काय?

भोपाळ झालं डिसेंबर १९८४ मध्ये. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती कामगाराला देणं मालकावर बंधनकारक झालं आणि धोका दिसला तर बोलण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली. तिच्यातही आपल्या जिवाच्या सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क आहे. हक्क कागदावर झोपलेला आहे. त्याला उठवायला लागतं.

उठवा. प्रत्येक कारखान्याच्या गेटवर चार गोष्टी मागा. एक: आत कोणते वायू, कोणतं सॉल्व्हंट, त्याच्या दोन्ही हद्दी किती, हे मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात, टाकीवर. दोन: जिथे जिथे नायट्रोजनची लाइन तिथे पाटी: या वायूत श्वास घेतला की मरण. "निष्क्रिय" नाही लिहायचं. तीन: उतरण्याआधी ऑक्सिजनचं रीडिंग उतरणाऱ्यानं स्वतः डोळ्यांनी बघायचं. न बघता उतरायचं नाही. चार: आधी पडलेल्याला काढायला बाहेरून हवा मिळणारा मास्क आणि दोर. ते नसेल तर कुणीही आत जायचं नाही. कितीही सख्खा भाऊ असो. हे शेवटचं मालकाला नाही, आपल्याला सांगतोय.

आणि रविवारी अभ्यासवर्ग घ्या. जातिव्यवस्थेवर घेता तसाच या त्रिकोणावर घ्या. एक बाजू जळाऊ वायू, एक बाजू ऑक्सिजन, एक बाजू नायट्रोजन. फळ्यावर आगीची रेघ काढा. मग खडू दुसऱ्या रंगाचा घ्या आणि १९.५ वर आपली रेघ काढा. दहावी नापास पोराला ती कळेल. आमच्या वस्तीतल्या एका ताईला कळली. ती कारखान्यात ड्रम धुते. रेघ बघून म्हणाली, "म्हणजे भाऊ, त्यांनी आगीला लागतो तेवढा श्वास मोजलाय, आपला मोजायचा राहिला." मी तीन पानं खर्ची घातली, तिनं एका वाक्यात सांगितलं.

२० मार्च १९२७ ला महाडला आपण तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ते पाणी पिऊन आपण अमर होणार नव्हतो. माणूस आहोत हे सांगायचं होतं. आता प्रश्न हवेचा आहे. टाकीच्या तळाशी एकवीस टक्के हवा हा आपला हक्क आहे. मेहेरबानी नाही.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं, अपघात सांगून येत नाही, तर त्याच्या हातात हा कागद द्या. आणि विचारा, सांगून आला होता साहेब, तुम्ही कुणाला सांगितलं?

जय भीम.